न जन्मलेल्या बाईचं भूत: मर्टल्स अतिथिगृहाचं प्रकरण

आधी गोष्ट, सांगणारे सांगतात तशी.

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात, बॅटन रूज या राजधानीच्या उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर सेंट फ्रान्सिसव्हिल नावाचं दीडेक हजार वस्तीचं गाव आहे. गावाबाहेर, शेवाळासारख्या करड्या जटा लोंबणाऱ्या ओक झाडांमागे एक लांबलचक लाकडी घर उभं आहे. शंभर फुटांहून लांब व्हरांडा आणि त्याला बिडाचा द्राक्षवेलींच्या नक्षीचा कठडा. दोनशे वर्षांपूर्वी इथे क्लार्क वुड्रफ नावाचा वकील राहायचा. त्याच्या घरात क्लोई नावाची गुलाम तरुणी कामाला होती. मालकाने तिला बिछान्यात ओढलं आणि काही दिवसांनी त्याचं मन उडालं. आता आपली रवानगी शेतावर होणार, या धास्तीने ती दाराला कान लावून घरातली बोलणी ऐकायला लागली. एकदा सापडली. शिक्षा म्हणून मालकाने तिचा कानच कापला. तो झाकायला ती डोक्याला हिरवं फडकं बांधू लागली.

पुढे मालकाच्या मुलीचा वाढदिवस आला. क्लोईने केकच्या पिठात कण्हेरीच्या पानांचा काढा मिसळला. मुलं थोडी आजारी पडतील, आपण त्यांची सेवा करू, मग घरात आपल्याशिवाय चालत नाही हे मालकाला पटेल, असा तिचा हिशेब. मात्रा चुकली. मालकीण सारा आणि दोन मुली तडफडून मेल्या. मालकाचा राग आपल्यावर निघेल म्हणून बाकीच्या गुलामांनीच क्लोईला झाडाला टांगलं आणि प्रेताला दगड बांधून मिसिसिपीत सोडलं. तेव्हापासून ती रात्री खोल्याखोल्यांतून फिरते, मच्छरदाणी उचलून झोपलेल्यांचे चेहरे बघते.

मर्टल्स हे या घराचं नाव. आज ते अतिथिगृह आहे. अमेरिकेतल्या सर्वांत झपाटलेल्या घरांच्या याद्या निघतात तेव्हा त्यात ते असतंच. राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत ते १९७८ मध्ये दाखल झालं. पैसे भरून रात्र काढायला लोक येतात, आणि त्यांतले बरेचसे क्लोईसाठीच येतात.

या प्रकरणात भूत आहे की नाही, यावर मी वेळ घालवणार नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की जिचं भूत फिरतं म्हणतात, ती बाई होऊन गेल्याचा एकही कागद सापडलेला नाही. आणि जी माणसं खरोखर होऊन गेली, त्यांच्या भुतांच्या गोष्टीही कागदांशी जुळत नाहीत.

घर आणि घरातली माणसं

घर बांधणारा माणूस स्वतःच एक प्रकरण होता. डेव्हिड ब्रॅडफर्ड पेनसिल्व्हेनियाचा वकील. १७९१ मध्ये अमेरिकी सरकारने दारूच्या भट्ट्यांवर कर बसवला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी धान्याची व्हिस्की करूनच विकायचे, कारण डोंगर ओलांडून धान्य नेणं परवडत नव्हतं. ते खवळले, आणि या बंडाच्या म्होरक्यांत ब्रॅडफर्ड होता. १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन सुमारे १३,००० सैनिक घेऊन निघाले, तेव्हा ब्रॅडफर्डने नदीवाटे दक्षिणेचा रस्ता धरला. सेंट फ्रान्सिसव्हिलचा मुलूख तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता, म्हणजे अमेरिकी वॉरंट तिथे चालत नव्हतं. तिथे त्याने जमीन मिळवली आणि १७९६ मध्ये हे घर बांधलं. तेव्हा घराचं नाव लॉरेल ग्रोव्ह होतं. १७९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स यांनी त्याला माफी दिली, मग त्याने बायकामुलांना आणलं. १८०८ मध्ये तो वारला.

कर चुकवण्यासाठी बंड करणारा, सरकारला हुलकावणी देऊन परक्या मुलुखात पळणारा हा माणूस भूत म्हणून कुणाच्या तरी फार उपयोगी पडला असता. पण त्याच्या वाट्याला भूतकथेत जागा जेमतेमच आली. कारण साधं आहे: तो अंथरुणात पडून मेला.

त्याची मुलगी सारा मटिल्डा हिचं लग्न १८१७ मध्ये क्लार्क वुड्रफशी झालं. त्यांना तीन मुलं झाली: कॉर्नेलिया, जेम्स आणि ऑक्टेव्हिया. १८३४ मध्ये घर रफिन ग्रे स्टर्लिंग आणि त्याची बायको मेरी कॉब यांनी घेतलं. त्यांनी ते वाढवून जवळजवळ दुप्पट केलं, आत प्लास्टरची नक्षी, झुंबरं, फ्रान्सहून आणलेलं सामान भरलं आणि आवारातल्या क्रेप मर्टल झाडांवरून घराला मर्टल्स हे नाव दिलं. (क्रेप मर्टल म्हणजे आपल्या तामणाची सख्खी बहीण. वंश तोच, फुलंही तशीच चुरगळलेल्या मलमलीसारखी.) स्टर्लिंगच्या मुलीचा नवरा विल्यम विंटर इथेच राहायचा. त्याच्यापर्यंत आपण येणारच आहोत.

नोंदी काय म्हणतात

सारा मटिल्डा वुड्रफ १८२३ मध्ये पिवळ्या तापाने गेली. तिचा मुलगा जेम्स आणि मुलगी कॉर्नेलिया पुढल्या वर्षी, १८२४ मध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने गेले. तिसरी मुलगी ऑक्टेव्हिया मोठी झाली, तिचं लग्न झालं.

एवढ्यावरच गोष्ट मोडते. आई आणि मुलं एका दिवशी तर सोडाच, एका वर्षीही मेली नाहीत. मेलेली मुलं दोन मुली नव्हत्या, एक मुलगी आणि एक मुलगा होता. वाढदिवसाच्या केकला जागाच उरत नाही. वुड्रफ घराण्याच्या गुलामांच्या ज्या नोंदी अभ्यासकांनी चाळल्या, त्यांत क्लोई नाव नाही. घरात दहा खून झाले असं जाहिरातीत सांगतात, पण घरात घडलेला आणि कागदावर सापडणारा खून एकच आहे, तोही क्लोईनंतर पन्नास वर्षांनी झालेला. १९२७ मध्ये आवारातल्या एका छोट्या घरात दरोड्याच्या वेळी एक माणूस मारला गेला, तो वेगळा. घर आदिवासींच्या दफनभूमीवर बांधलंय, हेही सांगतात. अमेरिकेत हे वाक्य प्रत्येक झपाटलेल्या घराला ठोकळ्यासारखं चिकटवलेलं असतं. इथेही त्याला आधार नाही.

पिवळ्या तापाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण या प्रकरणातला खरा मारेकरी तोच आहे. हा रोग एडिस जातीच्या डासामुळे पसरतो. हाच डास आपल्याकडे पावसाळ्यानंतर डेंगी आणि चिकनगुनिया आणतो. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात तो अंडी घालतो. लुईझियानात पावसाचं पाणी टाक्यांत आणि पिंपांत भरून ठेवायची पद्धत घरोघर होती. ताप आधी येतो, उतरल्यासारखा वाटतो, आणि मग काही रोग्यांना कावीळ होऊन काळी उलटी सुरू होते. एकट्या न्यू ऑर्लिन्समध्ये १८५३ च्या साथीत आठ हजारांच्या आसपास माणसं मेली. डासाचा संबंध क्युबातले डॉक्टर कार्लोस फिन्ले यांनी १८८१ मध्ये मांडला आणि १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने तो सिद्ध केला. त्याआधी दलदलीतली दुर्गंधी, घाणेरडी हवा, देवाचा कोप अशीच कारणं लोक देत होते.

म्हणजे १८२३-२४ मध्ये त्या घरात मृत्यू झाले, ते भयंकर होते, आणि ते का झाले हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. उलट्या, पिवळे पडलेले डोळे, तीन दिवसांत संपलेलं मूल. ज्या मृत्यूला गुन्हेगार नसतो, तो माणसाला पचत नाही. आपल्याकडे अशा वेळी नजर लागली, करणी केली म्हणतात, आणि मग शेजारची विधवा धरली जाते. मर्टल्समध्ये धरायला क्लोई होती. फरक इतकाच, की ती प्रत्यक्षात नव्हती म्हणून तिला आधी घडवावं लागलं.

कण्हेरीची निवडही विचार करण्याजोगी आहे. कण्हेर विषारी आहे यात शंका नाही. तिच्या प्रत्येक भागात हृदयाची गती बिघडवणारं द्रव्य असतं. आपल्याकडच्या हायवेच्या दुभाजकांवर ती लावतात त्याचं एक कारण हेच, की गुरं तिला तोंड लावत नाहीत. पण तिची पानं भयंकर कडू. इतक्या काढ्याचा केक मुलांनी आवडीने संपवला असं मानणं कठीण आहे. गोष्ट सांगणाऱ्याला एवढी पंचाईत कशाला?

हिरवं फडकं कुठून आलं

हा या प्रकरणाचा सगळ्यात रसाळ भाग आहे. १९५० च्या दशकात हे घर एका श्रीमंत विधवेच्या मालकीचं होतं. तिने आजूबाजूला चौकशी केली, घरात भूत आहे का? तेव्हा तिच्या कानावर आलं ते हिरवी टोपी घातलेल्या एका म्हातारीबद्दल. म्हातारी. गुलाम नव्हे, कान कापलेली नव्हे, विष घालणारी नव्हे. नावही नाही.

पुढच्या तीसेक वर्षांत त्या म्हातारीचं वय उतरलं, टोपीची जागा डोक्याला गुंडाळलेल्या फडक्याने घेतली. १९८० च्या सुमारास घर पाहुण्यांसाठी चालवलं जाऊ लागलं, नियतकालिकांत आणि टीव्हीवर आलं, तेव्हा क्लोई कान, केक आणि फाशीसकट तयार होती. काही आवृत्त्यांत तिचं नाव क्लिओ आहे. एका आवृत्तीत ती वूडूची, म्हणजे तिथल्या मंत्रतंत्राची, जाणकार आहे आणि तिचं भूत विंटरच्या तीन वर्षांच्या मुलीच्या, केटच्या, मृत्यूला जोडलं जातं. नोंद सांगते की केट टायफॉइडने गेली. वेगवेगळ्या गोष्टींतली सामग्री एकमेकींत सांडत गेल्याचं यावरून दिसतं.

हे असंच होतं. हिरव्या टोपीचा धागा मिळाला की त्या धाग्याने कुणी काय विणलं ते बघायचं. पन्नासच्या दशकात दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांच्या शाळा आणि खाणावळी वेगळ्या होत्या, तेव्हा गोऱ्या मालकिणीच्या घरातलं भूत नुसत्या एका म्हातारीचं असणं ठीक होतं. ऐंशीच्या दशकात पर्यटक मळ्यांवर येऊ लागले, आणि गुलामगिरीचा उल्लेख टाळून मळा दाखवणं अवघड झालं. मग गुलाम बाई आली. पण ती कशी आली? मालकाची रखेल म्हणून, चहाडखोर म्हणून, लहान मुलांची खुनी म्हणून.

कापलेला कान

या गोष्टीतला एक तपशील मात्र हवेतून आलेला नाही. लुईझियाना फ्रेंचांची वसाहत असताना १७२४ मध्ये तिथे गुलामांसाठी जो कायदा लागू झाला, त्यात पळून महिनाभर बाहेर राहिलेल्या गुलामाचे कान कापायची आणि खांद्यावर डाग द्यायची शिक्षा होती. दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडायची. तिसऱ्यांदा मृत्यू. सेंट फ्रान्सिसव्हिलवर पुढे हाच कायदा तंतोतंत होता असं नाही, पण त्या मुलुखाच्या स्मरणात कापलेला कान खरा होता. मालकाचा बलात्कारही खरा. त्याची कागदोपत्री नोंद ठेवायची गरजच नव्हती, कारण कायद्याने तो गुन्हा नव्हता.

विषाची भीतीही खरी. जेवण रांधणारे हात गुलामाचे, आणि त्या गुलामाला सूड घ्यायला शंभर कारणं. सँ दोमँग, म्हणजे आजचा हैती, तिथे माकांदाल नावाच्या पळून गेलेल्या गुलामाला गोऱ्यांना विष घालण्याच्या कटासाठी १७५८ मध्ये जाळून मारलं. हैतीतल्या क्रांतीनंतर तिथले हजारो मळेवाले आणि त्यांचे गुलाम १८०९ मध्ये क्युबामार्गे न्यू ऑर्लिन्सला उतरले, आणि ही भीतीही सोबत आली. १८११ च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्सजवळ नदीकाठच्या मळ्यांतले गुलाम उठले. अमेरिकेतला गुलामांचा हा सगळ्यात मोठा उठाव. तो मोडल्यावर मारलेल्यांची मुंडकी नदीकाठी खांबांवर लावली होती.

वुड्रफच्या घरात १८२३-२४ मध्ये आई आणि मुलं आजारी पडली, तेव्हा ही सगळी हवा होती. मालकांच्या मनात स्वयंपाकघराकडे बघताना काय आलं असेल, हे सांगायला कागद लागत नाही. क्लोईची गोष्ट मालकांच्या भीतीचीच गोष्ट आहे. ती गुलामांच्या बाजूने सांगितल्यासारखी वाटते, कारण तीत बाईवर अन्याय होतो. पण शेवट बघा. तिचा कान कापणारा मालक गोष्टीत सुटतो, आणि तिला फाशी कोण देतं? तिचीच माणसं. म्हणजे त्या रात्रीचा हिशेब गोऱ्यांच्या हाताला रक्त न लागता मिटतो. इतकी सोयीची गोष्ट आपोआप घडत नाही.

सतरावी पायरी

आता कागदावर असलेला खून. १८७१ च्या जानेवारीत एका संध्याकाळी कुणी घोडेस्वार मर्टल्सच्या दारात आला आणि विल्यम विंटरला कामासाठी बाहेर बोलावलं. विंटर वकील होता. यादवी युद्धात सासरची मालमत्ता धुळीला मिळाली होती, घर कर्जापायी हातातून जाऊन नुकतंच परत मिळालं होतं. तो बाजूच्या व्हरांड्यात गेला, गोळीचा आवाज झाला आणि तो तिथेच पडला. मारणारा पळाला. एकावर संशय होता, पण त्याचं पुढे काय झालं ते कागदांतून उमगत नाही. विंटरची बायको सारा पुन्हा लग्न न करता १८७८ मध्ये वारली.

अतिथिगृहात हे असं सांगतात: गोळी लागलेला विंटर लडखडत घरात शिरला, दोन दिवाणखाने ओलांडून जिन्याशी आला, वर चढू लागला आणि सतराव्या पायरीवर बायकोच्या मिठीत कोसळला. आजही रात्री पावलं जिना चढतात आणि सतराव्या पायरीवर थांबतात.

सतरा या आकड्यात सगळी कारागिरी आहे. "जिन्यावर पावलं ऐकू येतात" म्हटलं तर कुणी हसेल. "सतराव्या पायरीवर थांबतात" म्हटलं की पाहुणा मोजायला लागतो. लुईझियानाच्या दमट हवेत दिवसभर फुगलेलं लाकूड रात्री गार पडतं आणि आकसतं. जुन्या घराच्या फळ्या, तुळया, जिना सगळं थोडंथोडं बोलतं. अकरा आवाज झाले आणि थांबले, तर माणूस कूस बदलून झोपतो. सतराच्या आसपास कुठेतरी थांबले, तर ते सकाळी न्याहारीच्या टेबलावर सांगतो. दर रात्री वीस पाहुणे असे कान टवकारून पडलेले असतील, तर वर्षभरात गोष्टीला खतपाणी किती मिळेल याचा अंदाज करा.

त्यातच ही माणसं नव्या जागी झोपलेली असतात. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हे आपण सगळे जाणतो. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा भाग उजव्याइतका निजत नाही. अनोळखी आवाजाला तो चटकन जागा होतो. अर्धवट जागं व्हायचं, अंग हलवता येत नाही, छातीवर ओझं, आणि पलंगाशी कुणीतरी उभं आहे असं वाटणं, हा झोपेचाच एक ओळखीचा प्रकार आहे. आपल्याकडे त्याला छातीवर कुणी बसलंय म्हणतात. मर्टल्समध्ये क्लोई मच्छरदाणी उचलून बघते म्हणतात.

डाक बंगल्यातला खानसामा साहेबाच्या भुताची गोष्ट नेमकी रात्रीचं जेवण वाढताना सांगायचा, ते उगीच नव्हे.

फोटो आणि आरसा

१९९२ मध्ये मालकिणीने आगीच्या विम्यासाठी घराचे फोटो काढले. विमा कंपनीला दोन इमारतींमधलं अंतर बघायचं होतं. त्यातल्या एका फोटोत, मुख्य घर आणि बाजूच्या इमारतीच्या मधल्या मोकळ्या जागेत, एक उभी धूसर आकृती दिसते. तिच्यातून मागच्या भिंतीच्या आडव्या फळ्याही दिसतात. या फोटोची पोस्टकार्डं विकली जातात, टीव्हीच्या कार्यक्रमांत त्याची तपासणी झाली आहे.

फोटो नीट बघा. दुरून घेतलेल्या चित्रातली ती आकृती फार लहान आहे. मोठी केल्यावर सावल्या आणि ठिपक्यांतून डोळा माणूस जुळवतो. डोळ्याची ही जुनी खोड आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्या आकृतीला लगेच क्लोई म्हणणं. ती बाई आहे कशावरून, तिच्या डोक्यावर फडकं आहे कशावरून, ते हिरवं आहे कशावरून? हाच फोटो १९५२ मध्ये निघाला असता, तर तीच आकृती हिरव्या टोपीची म्हातारी ठरली असती.

(ज्या आगीसाठी विमा, ती पुढे २०१४ मध्ये आवारातल्या दुकानाच्या वाढीव भागाला लागली. मुख्य घर वाचलं.)

दिवाणखान्याबाहेरचा आरसा हा दुसरा पुरावा. मृत्यू झाला की घरातले आरसे झाकायची रीत तिथे होती, नाहीतर आत्मा काचेत अडकतो. हा एक आरसा झाकायचा राहिला, म्हणून सारा आणि मुलं त्यात आहेत, त्यांच्या हातांचे ठसे काचेवर उमटतात. जुन्या आरशाच्या पाठीमागचा धातूचा थर ओलाव्याने खराब होतो, तेव्हा पुढून काळपट डाग आणि ओघळ दिसतात. पाच बोटं शोधायला बसलं तर पाच बोटं सापडतात. ज्या मुलांना विषच दिलं गेलं नव्हतं, त्यांचे हे ठसे.

गावाकडे खऱ्या गोष्टी नव्हत्या का?

भरपूर होत्या. याच गावात १८१० मध्ये, स्पेनविरुद्धच्या उठावातून, चौऱ्याहत्तर दिवस टिकलेल्या वेस्ट फ्लोरिडा प्रजासत्ताकाची राजधानी होती. १८२१ मध्ये पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन जवळच्या ओकली मळ्यावर मालकाच्या मुलीला चित्रकला शिकवायला आला आणि तिथे त्याने बत्तीस पक्ष्यांची चित्रं काढली. १८६३ मध्ये, यादवी युद्धात, गावावर तोफा डागणाऱ्या उत्तरेच्या लढाऊ जहाजाचा अधिकारी जॉन हार्ट जहाजावरच मेला, तेव्हा लढाई थांबवून दोन्हीकडच्या फ्रीमेसन या बंधुसंघाच्या सदस्यांनी त्याला गावातल्या चर्चच्या आवारात पुरलं. हे सगळं कागदावर आहे, आणि पर्यटकांना सांगितलंही जातं.

पण वेस्ट फेलिसियाना या परगण्यात १८६० मध्ये पाच माणसांपैकी चार गुलाम होती. त्यांच्या गोष्टी सांगितल्या, तर मळ्याच्या व्हरांड्यात बसून थंड पेय पिणाऱ्याला जरा अवघड होईल. याच परगण्याच्या एका टोकाला अँगोला नावाचा जुना गुलाम-मळा आहे. ज्या देशातून तिथले गुलाम आणले, त्याचंच नाव. तो आता राज्याचा तुरुंग आहे, सुमारे १८,००० एकरांचा. कैद्यांत बहुसंख्य काळे, आणि त्यांच्याकडून आजही शेतात राबवून घेतलं जातं. मर्टल्सला येणाऱ्या गाड्या ज्या फाट्यावरून वळतात, तिथून अँगोलाही फार लांब नाही. अँगोलाच्या शेतातलं काम दिवसाढवळ्या चालतं, त्याला भुताची गरज पडत नाही.

इतिहासकार टाया माइल्स यांनी २०१५ मध्ये दक्षिणेतल्या भूत-पर्यटनावर लिहिताना तीन जागा निवडल्या: सॅव्हानामधलं एक घर, न्यू ऑर्लिन्समधली लालॉरी हवेली आणि हे मर्टल्स. अशा सहलींत गुलामगिरी येते ती थराराचा मसाला म्हणून, हे त्यांचं निरीक्षण पटण्यासारखं आहे. मी त्यात एक जोडेन. क्लोईला भूत केल्यामुळे तिच्याबद्दल प्रश्न विचारायची सोय राहत नाही. ती कुठून विकत आणली, किती वर्षांची होती, तिची आई कुठे गेली, हे कुणी भुताला विचारत नाही.

उलट बाजूही मांडायला हवी. अतिथिगृह चालवणारा म्हणेल, माझं घर दोनशे वर्षांहून जुनं आहे, छप्पर आणि रंगाचा खर्च गोष्टीतूनच निघतो. खोटं नाही. गोष्ट नसती तर हे घर कदाचित कुजून गेलं असतं, जशी त्या नदीकाठची कितीतरी गेली. आणि काहींचं म्हणणं असं, की निदान क्लोईमुळे तरी पाहुण्याच्या कानावर गुलामाचा कान कापला गेल्याचं पडतं. या दुसऱ्या म्हणण्यात दम आहे असं मला वाटत नाही. कान कापल्याचं ऐकून पाहुणा कान कापणाऱ्याला घाबरत नाही, ज्या बाईचा कान गेला तिला घाबरतो.

नदीपलीकडची नावं

मर्टल्समधून निघालं आणि मिसिसिपी ओलांडली, की समोर पॉइंट कूपी परगणा. आधी नावेने जावं लागायचं, २०११ पासून ऑड्युबॉनच्याच नावाचा पूल आहे. पलीकडच्या न्यू रोड्स गावातल्या कचेरीत १९८४ मध्ये इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल जुनी दप्तरं चाळत होत्या. फ्रेंच आणि स्पॅनिश काळातल्या खरेदीखतांत, वाटणीपत्रांत, मृत्युपत्रांत गुलामांची नावं, वय, किंमत, आजार, हुन्नर, आणि आफ्रिकेतला कुठला समाज, हे सगळं लिहिलेलं त्यांना सापडलं. पुढची पंधरा वर्षं त्या राज्यभरच्या कचेऱ्यांत बसल्या. २००० मध्ये त्यांची यादी प्रसिद्ध झाली, तीत १७१९ ते १८२० या काळातल्या लाखाहून जास्त माणसांच्या नोंदी आहेत.

नदीच्या खालच्या अंगाला, बॅटन रूज आणि न्यू ऑर्लिन्सच्या मध्ये, व्हिटनी नावाचा मळा आहे. तो २०१४ च्या डिसेंबरमध्ये पर्यटकांसाठी उघडला. तिथला दौरा मालकाच्या दिवाणखान्यापासून सुरू होत नाही, गुलामांपासून होतो. १८११ च्या उठावात मारल्या गेलेल्यांचं स्मारक तिथे आहे. ग्रॅनाइटच्या भिंतींवर हॉल यांच्या यादीतली १,०७,००० नावं कोरलेली आहेत, आणि त्या भिंतींच्या रांगांना हॉल यांचंच नाव दिलेलं आहे. तिथेही तिकीट आहे.